चपलेची कड

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळाच्या पाराला टेकून चप्पल-बूट दुरुस्त करणारे एक मामा बसतात. चप्पल हातात दिली की अंगठा तुटलाय की शिवण उसवलीय ते नंतर, आधी चप्पल उलटी करून तळ बघायचा, अशी त्यांची पद्धत. आईची चप्पल त्यांनी वर्षानुवर्षं अशी उलटी करून पाहिली. दोन्ही चपलांची टाचेजवळची बाहेरची कड घासून तिरकी झालेली असायची. आतली कड मात्र दुकानातून आणली तेव्हा होती तशीच. "बाई, तुमचा सगळा भार बाहेरनं जातोय बघा," असं ते म्हणायचे आणि बाहेरच्या कडेला रबराची एक चकती ठोकून द्यायचे. मामांचा मुलगा आईच्या वर्गात होता, म्हणून ती त्यांची बाई.

आई सांगलीत माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायची. तीस वर्षांहून जास्त काळ ती फळ्यासमोर उभी राहिली आणि त्या काळातच कधीतरी तिच्या पायांना बाक यायला लागला. आम्हाला तो दिसला नाही. रोज बघणाऱ्याला असा बाक दिसत नाही, तो दिसतो लग्नाच्या अल्बममध्ये. माझ्या लग्नातल्या फोटोत आईच्या दोन गुडघ्यांमधून मागच्या खुर्चीचा पाय दिसतो, एवढी फट आहे. चालताना प्रत्येक पावलाला गुडघा बाहेरच्या अंगाला झोकांडायचा. लोक म्हणायचे, वंगण संपलं. कोणी म्हणायचं, गादी झिजली. शेवटी डॉक्टरांनी गुडघे बदलायला सांगितले. आमच्याकडे याला अजूनही 'वाट्या बदलणं' म्हणतात, जरी या शस्त्रक्रियेत बदलतं ते मुख्यतः मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग. वाटी पुष्कळदा आपल्या जागी तशीच राहते.

शस्त्रक्रिया चांगल्या झाल्या. उजवा गुडघा आधी, डावा सात महिन्यांनी. पाय सरळ झाले, इतके की पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा आईची उंचीसुद्धा थोडी वाढल्यासारखी दिसली. रात्रीची ती जुनी ठणक गेली. नातेवाईक बघायला यायचे, साडीचा काठ जरा वर करून पाय बघायचे आणि म्हणायचे, "अगदी पट्टीसारखे झालेत गं." आईही हसायची. पण दुपारी घरात आम्ही दोघीच असलो की ती हळूच म्हणायची, "पाय दुखत नाही गं. पण जमीन उतरती वाटते."

कुठल्या बाजूला, मी विचारलं.

"आत. दोन्ही पायांखालची जमीन मधल्या बाजूला उतरलीय. जशी काही मी घळीत चालतेय."

भूगोलाच्या बाईंचं ते वाक्य मी सुरुवातीला भूल उतरल्यावरचा अशक्तपणा म्हणून सोडून दिलं, याचं मला आजही वाईट वाटतं. सहा-सात महिन्यांनी नवी चप्पल शिवायला टाकली तेव्हा पारावरच्या मामांनी ती उलटी केली, जरा वेळ बघितली आणि म्हणाले, "बाई, आता आतनं जाया लागलाय की."

तेव्हा कुठे मी आईचा पाय बघितला. गुडघा नव्हे, पाय. ती ओट्याशी उभी असताना मागे फरशीवर बसकण मारून बघितलं. पोटरीची रेघ सरळ खाली येत होती आणि टाचेपाशी येऊन बाहेरच्या बाजूला मोडत होती. घोट्याचं आतलं हाड खाली आणि आत आलेलं, तळव्याची कमान जवळजवळ जमिनीला टेकलेली. उजव्या पायाला हे जास्त होतं.

यामागचं गणित मला नंतर वाचताना हळूहळू कळत गेलं. गुडघ्याला बाहेरून बाक आला, म्हणजे डॉक्टर ज्याला व्हॅरस म्हणतात तसं झालं, की नडगी तिरकी होते. तिरक्या नडगीखाली पाऊल तसंच ठेवलं तर माणूस तळव्याच्या फक्त बाहेरच्या कडेवर उभा राहील. मग शरीर एक तडजोड करतं. घोट्याच्या खाली, टाचेच्या हाडावर, एक सांधा असतो. त्याला सबटेलर जॉइंट म्हणतात. पाऊल आत-बाहेर कलतं ते याच सांध्यामुळे. खडबडीत वाटेवर, शेताच्या बांधावर आपण तोल सावरतो तो याच्याच जोरावर. हा सांधा वर्षानुवर्षं टाचेला बाहेरच्या अंगाला कलवत राहतो, जेणेकरून नडगी वाकडी असली तरी तळवा जमिनीला शक्य तेवढा सपाट टेकावा. ही तडजोड बहुधा पूर्ण होत नाही. म्हणून बाहेरची कड झिजत राहते. पण वीस वर्षांत टाच त्या कलण्याला सरावते, भोवतालचे स्नायू आणि स्नायुबंध तेवढेच लांब-आखूड होऊन बसतात.

आणि मग एका सकाळी दोन तासांत वरची नडगी सरळ होते. खालच्या टाचेला हे कोणी कळवलेलं नसतं. ती आपली जुन्या हिशेबाने कललेलीच. वाकड्या नडगीखाली जे कलणं तोल सांभाळत होतं, तेच आता सरळ नडगीखाली भार आत ढकलतं. आईची घळ ती हीच.

गुडघा किती सरळ करायचा, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही हेही मला याच वाचनात कळलं. खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक रेघ ओढायची आणि ती गुडघ्याच्या मधोमध जायला हवी, असा नियम. त्यासाठी हाडं त्या रेघेला काटकोनात कापायची. भार गुडघ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कप्प्यांत सारखा वाटला जाईल, कृत्रिम सांध्यातली प्लास्टिकची चकती एका बाजूने झिजणार नाही, सांधा सैल होणार नाही, हा त्यामागचा विचार. 1970च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो कृत्रिम गुडघा घडवला, त्याच्याबरोबर ही शिस्त जगभर गेली. त्या सहकाऱ्यांत एक आपले होते, डॉ. चित्तरंजन राणावत. आपल्याकडे गुडघा बदलता येतो हे घराघरांत माहीत झालं तेही त्यांच्यामुळेच म्हणायला हवं, कारण अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर 2000 मध्ये आणि उजवा जून 2001 मध्ये राणावतांनीच बदलला. त्या दिवसांत आई शाळेतून आल्यावर बातम्यांत त्यांची चाल बघायची, हे मला चांगलं आठवतं. तेव्हा तिचे पाय सरळ होते. किंवा आम्हाला तसे वाटत होते.

पण निसर्गाने दिलेला गुडघा त्या काटकोनात बसतोच असं नाही. बहुतेक माणसांत नडगीचा वरचा पृष्ठभाग आतल्या बाजूला साधारण तीन अंश उतरता असतो आणि मांडीचं हाड तेवढंच उलट झुकून त्याची भरपाई करतं. बेल्जियममधल्या डॉ. योहान बेलेमान्स यांच्या गटाने 2012 मध्ये गुडघ्याची कसलीही तक्रार नसलेल्या 20 ते 27 वर्षांच्या 250 तरुण-तरुणींचे उभं राहून काढलेले एक्स-रे मोजले. पुरुषांत 32 टक्के आणि स्त्रियांत 17 टक्के जणांचा पाय मुळातच तीन अंश किंवा त्याहून जास्त बाहेर बाकलेला निघाला. त्यांना कसलाही आजार नव्हता, त्यांची ठेवणच तशी. अशा माणसाचा गुडघा म्हातारपणी झिजला आणि आपण तो पट्टीने सरळ केला, तर त्याला त्याचा पाय परत दिला का, हा प्रश्न मग उभा राहतो. अमेरिकेतले डॉ. स्टीफन हॉवेल आणि त्यांच्या मागून गेलेले अनेक शल्यविशारद म्हणतात, झीज होण्याआधी त्या माणसाचा गुडघा जसा होता तशीच ठेवण परत आणा. त्याला ते कायनेमॅटिक अलाइनमेंट म्हणतात. दुसऱ्या बाजूला, त्या रेघेपासून तीन अंशांच्या आत राहिलं तरच गुडघा टिकतो हा जुना आग्रहही पूर्वीइतका घट्ट राहिलेला नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये 398 गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा रेघेत बसलेले गुडघे रेघेबाहेरच्यांपेक्षा जास्त टिकले असं दिसलं नाही. आता रोबो आले आहेत, ते ठरवलेल्या अंशाच्या अगदी जवळ काप घेतात. पण कोणत्या अंशाला घ्यायचा हे माणसानेच सांगायचं असतं.

या वादात कोण बरोबर, ते ठरवणारी मी कोण? आईचा बाक उजवीकडे चौदा अंशांचा होता आणि तो काढायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला खटकलं ते वेगळंच. शस्त्रक्रियेच्या आधी आईचा उभं राहून लांबलचक एक्स-रे काढला होता, खुब्यापासून घोट्यापर्यंत. फाइलमधून काढून मी तो खिडकीच्या काचेवर धरला. पांढऱ्या पेन्सिलीची रेघ खुब्यापासून निघून घोट्याच्या मधोमध येऊन थांबली होती, आणि फिल्मही तिथेच संपत होती. पाऊल त्यात नव्हतंच. माणूस घोट्यावर उभा राहत नाही, टाचेवर आणि चवड्यावर उभा राहतो. टाच जर बाहेर कललेली असेल तर भार जमिनीत उतरतो ती जागा घोट्याच्या मध्यापासून बाजूला सरकलेली असते, आणि घोट्यापर्यंत अचूक दिसणारी रेघ टाचेच्या तळापर्यंत नेली की गुडघ्यातही जरा बाजूला जाते. काही शल्यविशारद आता ती रेघ टाचेपर्यंत ओढून बघतात, टाचेचा मागून वेगळा एक्स-रे काढतात. सगळ्यांनी काढावा असं मला मनापासून वाटतं. त्याला फार खर्च येत नाही.

पुण्याला एका फिजिओथेरपी केंद्रात पायाखालचा दाब मोजणारी चटई आहे असं कळलं, म्हणून आईला घेऊन गेले. लांबट काळी चटई, आत दाबाचे सेन्सर. अनवाणी त्यावरून चालायचं. आई चार वेळा चालली आणि पडद्यावर तिची पावलं उमटली. निळा म्हणजे कमी दाब, मग हिरवा, पिवळा, लाल. फिजिओ मुलगी समजावून सांगायला लागली तोच आई खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "थांब, मला वाचता येतं. या समोच्च रेषा आहेत."

आणि तिने खरंच वाचलं. निरोगी पावलात भार टाचेच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यावर उतरतो, बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, चवड्यावर येऊन आत वळतो आणि अंगठ्याखालून निघून जातो. पडद्यावर ही वाट एका बारीक रेघेने दाखवतात. आईने बोट ठेवलं, "नदी इथे वळायला हवी ना? माझी वळतच नाही." तिची रेघ टाचेपासूनच आतून निघत होती आणि कमानीखालून सरळ जात होती, जिथे एरवी निळासुद्धा फारसा दिसायला नको तिथे पिवळा डाग होता. अंगठ्याखाली जेमतेम हिरवं. म्हणजे पाऊल उचलताना अंगठ्याने जमीन मागे ढकलायची असते, ते ढकलणं जवळपास नव्हतंच. डाव्या पायाची नदी थोडी तरी वळत होती.

उजवा का मागे, हे फिजिओने आईच्या घोट्याला हात लावताच सांगितलं. घोट्याखालचा तो सांधा कडक झाला होता. "आजी, हा पाय कधी मुरगळला होता का?" मला आठवत नव्हतं, आईला आठवत होतं. 1994 मध्ये शाळेतून येताना एसटीतून उतरताना पाय दुमडला होता. दोन दिवस हळदीचा लेप लावला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा शाळा. मऊ, हलता सांधा असेल तर वरचा गुडघा सरळ झाल्यावर टाच काही आठवड्या-महिन्यांत आपणहून बरीचशी जागेवर येते. कडक सांध्याला ते जमत नाही. डावी टाच परत आली, उजवी अडकून राहिली. तीसेक वर्षांपूर्वीच्या त्या एका दुपारचा हिशेब गुडघा बदलल्यावर असा समोर आला.

मधल्या सात महिन्यांचाही मला तेव्हा उलगडा झाला. एक पाय सरळ झाला, दुसरा वाकलेलाच, म्हणजे सरळ झालेला पाय लांब झाल्यासारखा वाटणारच. त्या काळात आई जिना उतरताना कठडा सोडायची नाही आणि आम्ही तिला भित्री म्हणायचो. मामांनी डाव्या चपलेत आतून चामड्याचा एक थर चिकटवून दिला होता, कुणी न सांगता. तो थर दुसरी शस्त्रक्रिया झाल्यावर काढून टाकायला हवा होता, आणि तो काढायचं आम्ही विसरलो.

तोल हा फक्त हाडांचा प्रश्न नाही. डोळे मिटून एका पायावर उभं राहून बघा, पावलात किती बारीक हालचाल चालू असते ते कळेल. आपला पाय कुठे आहे, किती वाकलाय, ही खबर मेंदूला सांध्यांतून, स्नायुबंधांतून, स्नायूंतून आणि तळव्याच्या कातडीतून सतत जात असते. गुडघ्याच्या आत फुलीसारखे बसलेले दोन क्रुसिएट स्नायुबंध असतात, गुडघा बदलताना त्यांतला पुढचा बहुतेक वेळा काढूनच टाकतात, कधी मागचाही. झिजलेला गुडघा तसाही आधीपासून अर्धवटच खबर देत असतो. मग उरलेला भरवसा डोळ्यांवर, घोट्यावर आणि तळव्यावर. रात्री दिवा न लावता बाथरूमला निघालेली म्हातारी माणसं पडतात ती यामुळेही, कारण डोळ्यांची खबर बंद झालेली असते आणि पायांची पुरेशी पोचत नसते. सपाट जमिनीवर साधं चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो. तो भार कुठून उतरतोय हे पायाला नीट कळलं नाही, तर माणूस पावलं आखूड टाकतो, दोन्ही पाय जास्त वेळ जमिनीवर ठेवतो आणि चाल सावध होते. आईची झाली होती. फिजिओने तिला खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला सांगितलं आणि घड्याळ लावलं. सरळ चालणं ठीक होतं. वळताना मात्र आईने पाच-सहा छोटी पावलं टाकली, जागच्या जागी.

मग रोजचं सुरू झालं. फरशीवर टॉवेल पसरून तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, पण भार करंगळीवर जाऊ न देता अंगठ्याच्या मुळावर ठेवून. काठी उलट्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. हे आम्ही इतके दिवस चुकीचं करत होतो आणि घरी आलेल्या एकाही माणसाने टोकलं नव्हतं. उजव्या पायासाठी फिजिओने आतल्या कमानीला आधार देणारी मऊ गादी करून दिली आणि ती बसवायला एमसीआरची चप्पल सांगितली. ती सच्छिद्र रबराची मऊ चप्पल आज मधुमेही माणसं सर्रास वापरतात. तिची मुळं वेल्लोरला आहेत, डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी केलेल्या कामात. ज्या पायांना दुखणं कळत नव्हतं, त्यांच्यावर दाब कुठे पडतो हे शोधायला त्या लोकांनी आयुष्यं घातली. माझ्या आईच्या पायापर्यंत ते काम पोचलं, याची मला कृतज्ञता वाटते.

चप्पल घेऊन मी पारावर गेले. मामांनी गादी बोटांनी दाबून पाहिली, चप्पल वाकवून पाहिली, मग म्हणाले, "हे बेस केलं. पण डावीतला जुना थर काढला का?" मी गप्प. त्यांनी जुनी डावी चप्पल आणायला लावली, आरीने कड उचकटून तो सात महिन्यांसाठी लावलेला चामड्याचा तुकडा ओढून काढला आणि माझ्या हातावर ठेवला. घामाने काळा पडलेला, मध्ये टाचेचा खोलगट ठसा असलेला. मी त्यांना विचारलं, शस्त्रक्रियेआधी तुम्हाला कोणी काही विचारलं असतं तर काय सांगितलं असतंत? ते हसले. म्हणाले, "मला कोण इचारतंय? पण बाईंच्या पंधरा वर्षांच्या चपला माझ्या डोळ्यांपुढं हायेत."

ज्यांच्या घरी गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. डॉक्टरांकडे जाताना फाइलबरोबर त्या माणसाची रोजची, झिजलेली चप्पल पिशवीत घालून न्या आणि टेबलावर उलटी करून ठेवा. पूर्वी कधी घोटा मुरगळला होता का, हाड मोडलं होतं का, हे आठवून लिहून न्या. सर्जन बघतील की नाही माहीत नाही, पण तुम्ही तरी बघितलेली असेल. आणि शस्त्रक्रियेनंतर कुणी म्हणालं, की जमीन उतरती वाटते, तर ते खरं समजा.

आता वर्ष होत आलं. आई रोज सकाळी आंघोळीहून बाहेर येताना मुद्दाम पायपुसण्यावर पाय न ठेवता शहाबादी फरशीवरून दोन पावलं चालते आणि मागे वळून बघते. ओल्या ठशाचा तिला नादच लागलाय. कालही मला हाक मारली. डाव्या पायाचा ठसा मध्ये चिंचोळा होता, टाच आणि चवडा जोडणारी बाहेरची अरुंद पट्टी, आणि पुढे पाचही बोटं. उजव्याचा अजून मध्ये भरलेला, पण टोकाला अंगठ्याचा गोल स्वच्छ उमटला होता. "हा परवापर्यंत नव्हता," आई म्हणाली. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. खिडकीतून ऊन येत होतं. आधी बोटं वाळली, मग डाव्याची पट्टी. उजव्याचा मधला भाग बराच वेळ ओला होता.